‘अहवालाची प्रतीक्षा आहे’ म्हणजे नेमकं काय चाललेलं असतं?

लम्पी असो की बर्ड फ्लू, बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलं: ‘नमुने प्रयोगशाळेत पाठवले असून अहवालाची प्रतीक्षा आहे.’ जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या तेव्हा हेच वाचलं. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगावच्या रावेर तालुक्यात लम्पीची जनावरं सापडली तेव्हाही हेच. आपण पान उलटतो. ज्याच्या दावणीचं जनावर आहे तो मात्र त्या वाक्यापाशीच थांबलेला असतो.

माझे मामा असेच थांबले होते. सांगोल्याकडे त्यांचा सात गाईंचा गोठा. एक गाय सातव्या महिन्यात गाभडली, वारही वेळेवर पडली नाही. डॉक्टरांना सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलाची, शंका आली. त्यांनी रक्त घेतलं. त्यानंतर मामांचा रोज फोन. “आरं, माणसाचं रक्त सकाळी दिलं की सांजच्याला रिपोर्ट हातात. गाईचंच रक्त काय पायी चाललंय का पुण्याला?”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधताना मला एक गोष्ट उमगली. हजारो नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेतलं सगळ्यात अवघड काम चाचणी हे नसतंच. कुठल्या नळीत कुठल्या गाईचं रक्त आहे हे शेवटपर्यंत न चुकता सांभाळणं, आणि आलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवणं, ही दोन कामं जास्त अवघड.

चोर आणि चौकीतली वही

चाचण्या पुष्कळ, पण मोठ्या संख्येनं जनावरं तपासायची तर मुख्यतः दोन लागतात.

पहिली पीसीआर. करोनानं हा शब्द घरोघरी पोचवला. यात प्रत्यक्ष जंतूच्या जनुकीय धाग्याचा एक ठरावीक तुकडा शोधतात आणि तो दुप्पट, पुन्हा दुप्पट करत जातात. सगळं नीट जमलं तर ३० फेऱ्यांत एका तुकड्याचे १०० कोटींहून जास्त होतात, म्हणून तो ‘दिसतो’. थोडक्यात, घरात चोर आहे का ते पाहणं.

दुसरी एलायझा. जंतू अंगात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. एलायझा जंतूला हात न लावता रक्तातली ही प्रतिपिंडं शोधते, आणि त्यांच्या प्रमाणात नळीला रंग कमीजास्त चढतो. ही झाली पोलीस चौकीतली वही. वहीत नोंद असेल तर चोर कधीतरी येऊन गेला हे नक्की. तो आत्ता घरात आहे की मागच्या वर्षीच पळाला, हे वही सांगत नाही. आणि चोरी काल रात्री झाली असेल तर नोंद व्हायचीच असते. प्रतिपिंडं दिसायला साधारण एक-दोन आठवडे लागतात.

मग स्वस्त, एका दिवसात हजारोंनी होणारी चाचणी कुठली? वहीची. म्हणून गावंच्या गावं, तालुकेच्या तालुके तपासायचे तर बहुतेक वेळा एलायझाच.

पंगत भरल्याशिवाय वाढप नाही

एलायझाची प्लेट म्हणजे तळहाताएवढा प्लास्टिकचा ट्रे. त्यात ८ ओळी, प्रत्येकीत १२ खळगे, एकूण ९६. काही खळगे तुलनेसाठी राखून ठेवायचे, उरलेल्यांत जनावरांचा रक्तद्रव. रसायन घालायचं, तासभर थांबायचं, धुवायचं, दुसरं रसायन, पुन्हा थांबायचं, पुन्हा धुवायचं. सगळं धरून अर्धा दिवस जातो. खळगे ९० भरलेले असोत की ५, वेळ तेवढाच, आणि माणसांचे कष्टही जवळपास तेवढेच.

लग्नातली पंगत आठवा. पाच माणसं बसली म्हणून आचारी वाढपी धाडत नाही. ओळ भरू द्यावी लागते, आणि उशिरा आलेला पुढच्या पंगतीला. एखाद्या रोगाचे नमुने आठवड्यात १५-२० येत असतील तर प्रयोगशाळा प्लेट भरायची वाट पाहते. मामांची गाय अशीच दुसऱ्या पंगतीला गेली होती. साथीच्या काळात उलटं होतं: पाहुणे इतके की पंगतीमागून पंगत उठते, तरी दाराशी रांग. म्हणजे नमुने फार थोडे असले तरी उशीर, आणि फार जास्त असले तरी उशीर.

ठरवून यंत्रणा उभी केली तर वेग येतो, हे युरोपनं दाखवलं. ‘मॅड काऊ’ या गुरांच्या मेंदूच्या रोगाच्या धास्तीनं युरोपीय संघानं जानेवारी २००१ पासून नियम केला: माणसाच्या खाण्यासाठी कापलेल्या ३० महिन्यांवरच्या प्रत्येक गाई-बैलाची तपासणी करायची. मेंदूच्या देठाचा तुकडा प्रयोगशाळेत जायचा आणि निकाल येईपर्यंत मांस शीतगृहात अडकून राहायचं. मांस लटकलेलं म्हणजे पैसा लटकलेला, त्यामुळे प्रयोगशाळा रात्रपाळीत चालल्या. पहिल्या काही वर्षांत दरवर्षी सुमारे १ कोटी गुरं तपासली गेली. यंत्रमानव, बारकोड, आणलेला नमुना तासाच्या हिशेबात पुढे सरकवणारी माणसं, सगळं त्यासाठी उभं केलं. खर्चही तसाच. आपल्याकडे गाभडलेल्या गाईच्या मागे असं कुणाचं मांस लटकलेलं नसतं.

गर्दी यंत्रापाशी नसते, दारापाशी असते

पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. पश्चिम भारतासाठीची विभागीय रोगनिदान प्रयोगशाळाही पुण्यातच. देशात अशा पाच: पुणे, जालंधर, कोलकाता, बंगळुरू आणि गुवाहाटी. आता नुसता हिशेब करा. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाई-बैल १ कोटी ४० लाखांच्या घरात आणि म्हशी सुमारे ५६ लाख होत्या. त्यातल्या शंभरातल्या एकीचं रक्त काढायचं म्हटलं तरी दोन लाख नळ्या होतात.

या नळ्या येतात कशा? थर्माकोलच्या खोक्यातून, बर्फाच्या पिशव्यांसोबत, कधी बर्फाचं पाणी झाल्यावर. नळीवरचा आकडा ओलीनं पुसलेला. फॉर्मवर ‘गाय, लाल, वय ५’. अशा लाल गाई महाराष्ट्रात किती असतील ते पांडुरंगच जाणे! म्हणून कानातला पिवळा बिल्ला आणि त्यावरचा १२ अंकी क्रमांक महत्त्वाचा. तो फॉर्मवर असेल तर अहवाल बरोबर गोठ्यात पोचतो.

समजा हजारात एकदाच नळ्यांची अदलाबदल होते. ऐकायला किती थोडं! पण दिवसाला पाच हजार नळ्या असतील तर रोज पाच वेळा एकीचा आजार दुसरीच्या नावावर लागणार. लहान प्रयोगशाळेत अनुभवी तंत्रज्ञ नजरेनं सांभाळून घेतो. मोठ्या ठिकाणी नजर पुरत नाही. तिथे नळी दारातून आत येताच बारकोड चिकटतो आणि पुढे प्रत्येक टेबलावर तोच वाचला जातो. गाईचं नाव, मालकाचं नाव, गाव यातलं काहीही तपासणाऱ्यासमोर नसतं.

आता मामांच्या नळीचं सांगतो. डॉक्टरांनी रक्त घेतलं तेव्हा संध्याकाळ झाली होती, गाडी सकाळी निघणार होती. नळी रात्रभर गार ठेवा, असं सांगून ते गेले. मामांनी ती मोठ्या काळजीनं फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. रक्त गोठलं, तांबड्या पेशी फुटल्या. रक्तद्रव खरं तर फिक्या पिवळ्या रंगाचा सुटा व्हायला हवा. इथे सगळाच लालभडक झाला. रंगावरून निकाल वाचणाऱ्या चाचणीला असं रक्त म्हणजे गढूळ पाण्यात तळ बघायला सांगणं. आठ दिवसांनी उत्तर आलं: ‘नमुना तपासणीयोग्य नाही.’ मामा प्रयोगशाळेवर चिडले. मी गप्प बसलो.

गार ठेवायचं म्हणजे २ ते ८ अंशांत, गोठवायचं नाही. ज्या नळीत रक्त साकळू द्यायचं ती वेगळी, ज्यात साकळू द्यायचं नाही ती वेगळी, आणि त्यांची झाकणं वेगळ्या रंगांची असतात ती उगाच नव्हे. अजून एक, विषय निघालाच आहे तर: जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून न साकळणारं काळपट रक्त येत असेल, तर नमुन्यासाठी म्हणून ते उघडू नका. काळपुळी (अँथ्रॅक्स) असेल तर तिचे बीजाणू जमिनीत कित्येक वर्षं राहतात. डॉक्टर कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त घेतात, तेवढं पुरतं.

दहा नळ्यांचं एक मिश्रण

वेळ आणि रसायनं वाचवायची एक जुनी युक्ती आहे. १९४३ मध्ये रॉबर्ट डॉर्फमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं सैन्यभरतीतल्या तरुणांची सिफिलिसची तपासणी स्वस्त करण्यासाठी ती मांडली. दहा जणांचं रक्त थोडं थोडं एकत्र करा आणि एकच चाचणी करा. निर्दोष निघाली तर दहाही सुटले. दोष निघाला तरच दहा वेगवेगळे तपासा.

हजार गाई, त्यात १० बाधित. दहा-दहाची १०० मिश्रणं. अगदी वाईट नशीब म्हणजे दहाही बाधित गाई वेगवेगळ्या मिश्रणांत. तरी १०० अधिक १००, म्हणजे २०० चाचण्यांत काम झालं. हजाराच्या जागी दोनशे! पण हजारात २०० बाधित असतील तर जवळपास प्रत्येक मिश्रण दोषी निघतं, सगळं पुन्हा तपासावं लागतं आणि बचत शून्य. म्हणून ही युक्ती रोग विरळ असतानाच कामाची. शिवाय एका बाधित रक्तात नऊ निरोगी रक्तं मिसळली की खूण फिकी पडते, त्यामुळे दहाचे शंभर करता येत नाहीत. दूध संघाच्या टाकीतलं दूध तपासणं हाही याच जातीचा उपाय. ब्रुसेलासाठी तशी चाचणी आहे.

‘शितावरून भाताची परीक्षा का करत नाही?’ असंही कुणी विचारेल. करतात. कळपात शंभरातली १० जनावरं बाधित असतील, तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठलीही २९ तपासली की निदान एक तरी सापडण्याची खात्री शंभरात ९५. पण शंभरात एकच बाधित असेल तर तेवढ्याच खात्रीसाठी ३०० च्या आसपास तपासावी लागतात. भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजतो, म्हणून एक शीत पुरतं. रोग असा सारखा शिजत नाही. तो एका दावणीला असतो आणि शेजारच्या दावणीला नसतो.

पॉझिटिव्ह आली, म्हणजे आजारीच ना?

इथे भल्याभल्यांची गफलत होते, म्हणून जरा सावकाश.

समजा एक चाचणी फार चांगली आहे. १०० बाधितांपैकी ९५ पकडते आणि १०० निरोगींपैकी ९९ ना निरोगीच म्हणते. तालुक्यातल्या १०,००० गाई तपासल्या. खरोखर बाधित ५०. चाचणीनं त्यातल्या ४७-४८ पकडल्या, छान. निरोगी उरल्या ९,९५०. त्यातल्या शंभरात एकीला चुकून ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं, म्हणजे सुमारे १००. एकूण पॉझिटिव्ह १४७, आणि त्यातल्या १०० गाई ठणठणीत!

चाचणी तीच ठेवा, पण साथ भडकू द्या. १०,००० पैकी ३,००० बाधित. आता २,८५० बरोबर पकडल्या जातात, चुकीच्या फक्त ७०. तोच कागद, तोच शिक्का, पण अर्थ पार बदलला. म्हणून रोग विरळ असताना पहिल्या चाचणीवर कुणी जनावर बाद करत नाही. दुसऱ्या, वेगळ्या पद्धतीच्या चाचणीनं खात्री करतात. तुम्हाला जो ‘उगाच लागलेला वेळ’ वाटतो, त्यात बऱ्याचदा हे असतं.

यंत्रच बिघडलं असेल तर? डेअरीतल्या फॅटच्या मशीनशी ज्याचं कधी भांडण झालंय त्याला हा प्रश्न पडणारच. प्रत्येक प्लेटमध्ये म्हणूनच काही खळगे राखीव असतात. एकात नक्की बाधित रक्त, एकात नक्की निरोगी. त्यांचा रंग अपेक्षेप्रमाणे उमटला नाही, तर बाकीच्या ९० गाईंचे निकाल कितीही देखणे असोत, अख्खी प्लेट रद्द. चांगल्या प्रयोगशाळेला बाहेरूनही गुप्त नमुने येतात, ज्यांचं उत्तर फक्त पाठवणाऱ्याला माहीत. मला विचाराल तर प्रयोगशाळा किती मोठी आहे त्यापेक्षा ती महिन्यात किती प्लेटी रद्द करते, हे विचारावं. ‘एकही नाही’ असं उत्तर आलं तर मी तिथे नमुना पाठवणार नाही.

पीसीआरची वेगळीच भानगड. एका तुकड्याचे १०० कोटी करणारी प्रक्रिया, त्यातला कण उडून दुसऱ्या नळीत पडला तर निरोगी गाय बाधित ठरते. मिरची कांडून आलेला माणूस कपडे न बदलता बाळाच्या पाळण्यापाशी जात नाही, तसंच हे. रसायनं मिसळायची खोली वेगळी, नमुना घालायची वेगळी, वाढवायची वेगळी, आणि माणसानं पुढे जायचं, उलट यायचं नाही.

लस दिली आणि पॉझिटिव्ह आली

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्रानं लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलाविरुद्ध देशभर लसीकरण सुरू केलं, पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपये. लस म्हणजे शरीराला दिलेली चोराची ओळखपरेड, तीही वहीत नोंदली जातेच. मग रोगाची नोंद आणि लसीची नोंद वेगळी ओळखायची कशी?

लाळ्या-खुरकूतच्या बाबतीत एक सुरेख वाट आहे. शुद्ध केलेल्या लसीत मेलेल्या विषाणूचं बाहेरचं कवच असतं. खरा विषाणू मात्र अंगात शिरून वाढतो, तेव्हा त्याची आतली प्रथिनंही शरीराला दिसतात. करवंटी नुसती हातात घेतलेल्याला खोबऱ्याची चव सांगता येत नाही. ज्याला येते त्यानं नारळ फोडलेला असतो. आतल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं सापडली तर नारळ फुटलाय, म्हणजे रोग येऊन गेलाय. ब्रुसेलाच्या प्रचलित लसीत अशी सोय नाही. म्हणून ती फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना, एकदाच देतात. मोठ्या गाईला दिली तर पुढे चाचणीत घोळ होतो.

आजार नसताना कशाला टोचता?

‘गाय चांगली खातीपिती, आणि हे सुया घेऊन येतात,’ ही तक्रार प्रत्येक गावात. लसीनं काम केलं का हे लसीच्या आधीच्या आणि नंतरच्या रक्तावरूनच कळतं, हे एक कारण. दुसरं मोठं: रोग नाही हे सिद्धच करावं लागतं. इंग्लंडात २००१ मध्ये लाळ्या-खुरकूत पसरला, ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. साथ संपल्यावरही लाखो मेंढ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा कुठे जानेवारी २००२ मध्ये ‘रोगमुक्त’ दर्जा परत मिळाला आणि निर्यातीची दारं उघडली. आपल्याकडे बुळकांडीची, म्हणजे रिंडरपेस्ट या गुरांच्या रोगाची, शेवटची साथ १९९५ मधली, पण भारत मुक्त जाहीर झाला २००६ मध्ये. मधली वर्षं गेली ती रोग कुठे उरला नाही ना, हे शोधण्यात.

मग गावातच किट द्या, भोपाळ कशाला?

काही चाचण्या गावाजवळ होतात. ब्रुसेलाची प्राथमिक चाचणी म्हणजे गुलाबी द्रवाचा थेंब आणि रक्तद्रवाचा थेंब मिसळायचे, चार मिनिटांत गुठळ्या दिसल्या तर संशय. त्याला यंत्र लागत नाही. पण बर्ड फ्लूसारख्या रोगाची खात्री वेगळी. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा तो नवापूरला आला, तेव्हा शिक्कामोर्तब भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत झालं. अशा ठिकाणी हवा बाहेरून आतच ओढली जाते आणि गाळूनच बाहेर सोडतात, सांडपाणी जंतू मारून सोडतात, माणूस अंघोळ करून बाहेर पडतो. कचरा ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर शिजतो. आपल्या कुकरचाच तो थोरला भाऊ. हे अति वाटत असेल तर इंग्लंडातलं पिरब्राइट आठवा. तिथे लाळ्या-खुरकूतवर काम करणाऱ्या संस्थांच्या आवारातल्या गळक्या गटारातून २००७ मध्ये विषाणू निसटला आणि शेजारच्या शेतांतली गुरं आजारी पडली.

मामांची दुसरी नळी

दुसऱ्यांदा रक्त घेतलं तेव्हा मामींनी नळी फ्रिजमध्ये ठेवूच दिली नाही. “रोगाचं रक्त माझ्या दुधाशेजारी?” त्यांचं बरोबर होतं. ब्रुसेला माणसालाही होतो, कच्च्या दुधातून आणि उघड्या हातांनी वार काढताना. नळी बर्फाच्या पिशव्यांसह त्याच संध्याकाळी तालुक्याच्या दवाखान्यात गेली.

अहवाल आला: निगेटिव्ह. खाली शेरा: ‘३ आठवड्यांनी पुन्हा नमुना पाठवावा.’

“म्हंजी हाय का न्हाई?”

गाभडल्यानंतर लगेच वहीत नोंद सापडेलच असं नसतं, हे मी समजावलं. तिसरी नळी गेली. तीही निगेटिव्ह. मामा दोन दिवस खुशीत होते, मग पुन्हा फोन.

“ब्रुसेला न्हवता, मग गाय गाभडली कशानं?”

त्याची कारणं डझनभर, आणि प्रत्येकाची चाचणी वेगळी. डॉक्टरांनी नवा फॉर्म भरायला घेतला आहे.